आधी कुणाचा गुडघा

ऑपरेशनच्या दिवशी कुणाला आधी घ्यायचं आणि कुणाला नंतर, हे शिकायला फार अक्कल लागत नाही. ज्याच्या सांध्यात पू आहे तो शेवटी. स्वच्छ गुडघे आधी उरकायचे, घाण गुडघा शेवटी घ्यायचा, थिएटर धुऊन काढायचं आणि घरी जायचं. तोंडी परीक्षेत मी हे सांगितलं तेव्हा परीक्षकांनी मान हलवून लगेच पुढचा प्रश्न विचारला होता, इतकं ते साधं आहे. आता मीच विद्यार्थ्यांना ते सांगतो. गुडघ्याच्या ऑपरेशनात जंतू आत जाऊ नयेत म्हणून काय करावं, या विषयावर मला बोलायला बोलावतात. मी चांगलं बोलतो असं म्हणतात.

त्या व्याख्यानात मी पुष्कळ वर्षं एक किस्सा सांगायचो. एक तालमीचे वस्ताद, त्यांचा एक खेळाडू, आणि रुमालात बांधून दवाखान्यात आणलेली आखाड्यातली तांबडी माती. हशा हमखास यायचा. पुण्यात जास्त, कोल्हापुरात जरा कमी. तो किस्सा खोटा होता. माती खरी होती, वस्ताद खरे होते, पोराचा गुडघा कायमचा गेला हेही खरं. पण कशानं गेला, ते मी खोटं सांगत होतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. दुर्बिणीतून गुडघ्याचं ऑपरेशन करणारे तेव्हा कोल्हापुरात मोजकेच होते आणि मी त्यांतला सगळ्यात तरुण. भाड्याच्या जागेत दवाखाना, एक थिएटर, आणि दुर्बिणीचा एकच संच. ती दुर्बीण वाफेच्या भट्टीत टिकत नसे. एका रुग्णानंतर तिचे आणि तिच्या नळ्यांचे सांधे सुटे करायचे, आतून ब्रश फिरवायचा, मग जंतू मारणाऱ्या द्रावणात ठरलेला वेळ बुडवून ठेवायचं आणि तेव्हा कुठे दुसऱ्याला घ्यायचं. तोवर सर्जननं चहा प्यायचा आणि थांबायचं. हे थांबणं ऑपरेशनाइतकंच महत्त्वाचं आहे, असं मी हल्ली फार तळमळीनं सांगतो.

पोरगा एका पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. सामन्यात वळताना गुडघा फिरला आणि आतलं लिगामेंट, हाडांना बांधून ठेवणारी दोरी, तुटलं. तालमीचे वस्ताद स्वतः त्याला घेऊन आले. उंच म्हातारा माणूस, पांढरा सदरा, कुस्त्या खेळून फुगलेले, मिटलेले कान.

"डॉक्टर, ह्यो आमचा पेठ वडगावचा," ते म्हणाले. "कुस्ती शिकाय आणला आन् बॉलच्या मागं लागला. कुस्तीत पाय मोडला असता तर निदान चारचौघात सांगाय तरी बरं वाटलं असतं."

"वस्ताद, पाय मोडला न्हाय. लिगामेंट गेलंय," पोरगा म्हणाला.

"चालाय येतंय का? न्हाय. मग मोडला."

पोरगा हसत होता. बाप लहानपणीच गेलेला, आई वडगावच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. वस्तादांनी त्याला तालमीतच ठेवून घेतला होता, दूध-खुराक घालून वाढवला होता. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी जागा निघणार होत्या. तोवर गुडघा तयार झाला तर नोकरी. नाही झाला तर पोरगा कुठेच नव्हता. हे वस्तादांनी मला त्या एका भेटीत पुन्हा पुन्हा ऐकवलं.

मी समजावून सांगितलं की मांडीच्या मागची एक दोरी काढून तीच गुडघ्यात ओवायची असते.

"म्हंजे घरातलाच दोर काढून घरातच बांधायचा," वस्ताद म्हणाले. "मग धोका कसला त्यात?"

"काही नाही," मी म्हणालो.

ऑपरेशनचा दिवस शुक्रवार. पहिला नंबर पोराचा. शेवटचा नंबर कागलकडच्या एका बड्या बागायतदारांचा. गावात कुणीतरी त्यांच्या गुडघ्यात इंजेक्शन मारलं होतं आणि सांधा पुवानं भरला होता. दुर्बिणीतून तो धुऊन काढायचा होता. सकाळी त्यांचा मुलगा माझ्या केबिनमध्ये आला.

"डॉक्टर, साडेदहाला राहुकाळ लागतोय. आमची आई निपाणीकडची, ती राहुकाळात उंबऱ्याभाईर पाऊल टाकू देत न्हाय. आबांचं आधी उरका की."

"आधी दुसरा रुग्ण आहे. तुमच्या वडिलांच्या सांध्यात पू आहे. असा रुग्ण शेवटीच घेतात."

"कोण हाय दुसरा?"

"एक मुलगा आहे. फुटबॉल खेळतो."

"मग थांबंल की त्यो. खेळणाऱ्याला कसला आलाय राहुकाळ?"

मी हसलो. त्या भागातले मोडके हातपाय कोल्हापुरात कुठल्या दवाखान्यात उतरवायचे, हे ह्या मुलाच्या शब्दावर ठरायचं. ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. मी हसलो तेव्हाच त्याला होकार मिळाला. थिएटरच्या सिस्टरनी फळ्यावरचा क्रम पुसता पुसता विचारलं, "सर, पुवाची केस आधी?" मी म्हणालो, मध्ये नीट बुडवून घेऊ. त्यांनी पुसलं आणि नवीन लिहिलं.

बागायतदारांचा गुडघा धुऊन झाला. पुवाचा नमुना तपासायला गेला. राहुकाळ लागायच्या आत पार पडलं म्हणून बाहेर सगळे खूश. मी त्यांच्यात जाऊन बसलो. पेढे आले, चहा आला, मुलानं आपल्या पाहुण्यांशी ओळख करून दिली. "ह्ये आपलं डॉक्टर," तो म्हणाला. आपलं म्हणाला ते मला आवडलं. मी बसून राहिलो.

तेवढ्यात आतून निरोप आला. भूलतज्ज्ञांना पुढे दुसऱ्या दवाखान्यात पोचायचं होतं. त्यांनी पोराला कमरेत इंजेक्शन देऊन टाकलं होतं आणि ते ओरडत होते, की बधिरपणा उतरायला लागला तर पुन्हा मला हाक मारू नका. मी आत गेलो. सिस्टर एकट्याच होत्या. टेबल आणि फरशी पुसण्यात त्यांचा वेळ गेला होता. दुर्बीण आणि नळ्या ट्रेमध्ये तशाच.

"सर, ब्रश फिरवायचा राहिलाय अजून."

"राहू दे ब्रश. तसंच बुडवा. मी हात धुऊन आलो की काढा."

"सर, निदान..."

"काढा म्हणतोय ना."

मी हात धुईपर्यंत ती दुर्बीण द्रावणात होती, तेवढीच. हात मी फार व्यवस्थित धुतले. नखं, बोटांच्या बेचक्या, कोपरापर्यंत.

ऑपरेशन सुंदर झालं. बाहेर येऊन मी वस्तादांना दोन्ही मुठी एकमेकींत अडकवून दाखवल्या, दोरी अशी बसली आहे म्हणून. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मी पुढे झुकलो आणि आम्ही दोघेही हसलो.

त्यानंतर पोराला थंडी वाजून ताप आला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला, कातडी चकाकायला लागली. मी सुई घालून पाणी काढलं. ते पाणी नव्हतं. दाट पिवळं होतं. मी त्याच आठवड्यात ते पाहिलेलं होतं, दुसऱ्या गुडघ्यात. सिस्टरनी सिरिंजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात राउंड घेत होतो. वस्ताद दाराशी उभे होते, ते जवळ आले.

"डॉक्टर, एक सांगायचं हुतं. ऑपरेशनच्या सांजच्याला मी माती लावली हुती त्येला. आमच्या आखाड्यातली. पायाच्या बोटास्नी आन् पट्टीच्या वरल्या अंगाला, जराशी. हळदीची माती हाय ती, ताक-तेल पाजलेली, लिंबू पिळलेली. आमच्यात कोण बी पडलं, मुरगळलं तर लावतोच. तिनं तर काय झालं न्हाय न्हवं?"

म्हणजे त्यांनी मला विचारलं होतं. आणि उत्तर मला माहीत होतं. जखमा पट्टीच्या खाली, कापसाच्या जाड थराखाली होत्या. वर लावलेली चिमूटभर माती तिथं पोचणं शक्य नव्हतं. नुकताच कॉलेजात आलेला विद्यार्थीही हे सांगेल. नाही, तुमच्या मातीनं नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"वस्ताद, तुम्हाला माती लावायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय."

"मग आता मला काय विचारताय? मातीचे हात घेऊन दवाखान्यात यायचं, पोराचा गुडघा नासवायचा, आणि वर डॉक्टरला विचारायचं काय झालं म्हणून?"

हे मी वॉर्डात, सगळ्या खाटांसमोर म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. तोंडातून निघून गेलं, अशी मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. निघून गेलं नव्हतं. पोरगा जागा आहे, त्याची आई उशाशी बसली आहे, हे बघून मी बोललो होतो.

वस्तादांनी आपले दोन्ही हात पुढे घेऊन पाहिले आणि मग पाठीमागे नेले. पोरानं मान भिंतीकडे वळवली. त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही देवमाणूस, डॉक्टर. तुम्ही काय करणार ह्याला?"

मला फार हलकं वाटलं. त्या सकाळी मी पोटभर नाश्ता केला, हे मला आठवतं.

पुढे लॅबवाल्या डॉक्टरांचा फोन आला. सरळ माणूस.

"अहो, तुमच्याकडचे दोन नमुने होते ना, कागलचे ते गृहस्थ आणि हा मुलगा? दोन्हीत एकच जंतू निघालाय. एकाला जी औषधं लागू पडत नाहीत तीच दुसऱ्यालाही नाहीत, अगदी हुबेहूब. तुमच्याकडे नमुन्यांच्या बाटल्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?"

"झाली असेल," मी म्हणालो.

"मग पुन्हा पाठवता का?"

"बघतो."

मी पाठवले नाहीत. तो जंतू मातीतला नव्हताच. माणसाच्या नाकात, कातडीवर, गळवात राहणारा होता. आतापर्यंत मी स्वतःला, काय सांगावं, मातीनंही झालं असेल, असं म्हणू शकत होतो. फोन ठेवल्यावर तेही राहिलं नाही. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. जिना चढून वर जायचं आणि वस्तादांना एक वाक्य सांगायचं. मी गाडी काढून घरी जेवायला गेलो.

पोराचा गुडघा पुन्हा पुन्हा उघडून धुतला. शेवटी ओवलेली दोरी काढून टाकावी लागली. ताप उतरला, पाय वाचला, पण गुडघा आखडून लाकडासारखा झाला. भरती आली आणि गेली. भरतीच्या त्या दिवशी पोरगा तालमीत गेला. तिथं काय झालं ते मला त्याच्या आईनं सांगितलं, अभिमानानं सांगितलं. वस्ताद बाकावर बसले होते, भोवती पोरं होती. हा काठी टेकत गेला आणि त्यांच्या तोंडावर थुंकला. वस्तादांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. कुणी मध्ये पडलं नाही. त्यानंतर आयांनी आपली पोरं त्या तालमीत पाठवणं कमी केलं. मातीनं पाय सडतो म्हणे, असं पेठेत बोलायला लागले.

मग वस्तादांनी आखाडा खणून काढला. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे कळायचं नाही. ती माती कुणी विकत आणलेली नसते. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनची, दरवर्षी खणून, चाळून, ताक-तेल-हळद घालून मुरवलेली. ती त्यांनी स्वतः खोऱ्यानं ओढून ट्रॉलीत भरली आणि पंचगंगेच्या पल्याड नेऊन टाकली. खड्डा मुरूम घालून बुजवला, वर कोबा केला आणि व्यायामाची यंत्रं आणून ठेवली.

मी दवाखान्यात पाटी लावली: रुग्णास माती, अंगारा, भंडारा लावू नये. त्याच सुमारास मी तो किस्सा सांगायला लागलो. पहिल्यांदा एका पार्टीत, मग व्याख्यानात. वस्तादांचा आवाजही काढायचो मी. 'जराशी माती लावली हुती, डॉक्टर.' लोक हसून हसून डोळे पुसायचे.

एक मात्र केलं. त्यानंतर पुवाचा रुग्ण मी कधीही आधी घेतला नाही, कुणाचाही असो. दुसरी दुर्बीण घेतली. माझ्या दवाखान्यात गुडघ्यात जंतू जात नाहीत अशी ख्याती झाली. ती ख्याती खरी आहे. त्या पोराच्या पायावर मी ते सगळं शिकलो.

बऱ्याच वर्षांनी इचलकरंजीत एका तपासणी शिबिराला गेलो होतो. रांगेत पाय फाकून चालणारा एक माणूस दिसला. केस कापसाच्या धाग्यांनी पांढरे झालेले. त्यानं मला ओळखलं, वाकून पाया पडला, तोही त्या न वाकणाऱ्या गुडघ्यानिशी, एक पाय बाजूला ताणून. शेजारच्या डॉक्टरांना म्हणाला, "ह्यांनी वाचवला माझा पाय. न्हायतर आमच्या वस्तादानं घालवलाच हुता."

मी त्याला बाहेर नेलं. समोर यंत्रमागांची शेड होती, धडधड चालू होती. तो तिथंच पाळीवर कामाला होता. मी त्याला सगळं सांगितलं. राहुकाळ, पेढे, ब्रश, फोन. आवाजामुळे मला ते जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. त्यानं मध्येच दोनदा विचारलं, काय म्हणालासा? आणि मला तेच पुन्हा ओरडावं लागलं.

"मी थुकलोय वो त्यांच्या तोंडावर," तो म्हणाला. "समद्या तालमीम्होरं. तवा तुम्ही कुठं हुता?"

"दवाखान्यात."

"व्हय की. तिथंच असणार." मग म्हणाला, "तुमास्नी लाथ घालावी वाटतीया. पर ह्या पायानं घालायची म्हंजे मीच पडंन."

तो हसला नाही. पाळीचा भोंगा झाला. जाताना म्हणाला, "जातो मी वस्तादांकडं. ह्या रविवारी जातो. सांगतो."

मी परत येताना गाडीत गुणगुणत होतो. काम त्याच्यावर ढकललं होतं ना. आता वस्तादांना कळेल, ते येतील, शिव्या देतील, कदाचित हात उचलतील, मी खाली मान घालून उभा राहीन. केबिनचं दार उघडलं की तेच आले असं मला वाटायचं. ते आले नाहीत. महिने गेले, वर्ष गेलं. मग मला वाटायला लागलं की त्यांनी मला माफ केलं असावं, मोठा माणूस. आणि ती माफी प्रत्यक्ष ऐकावी म्हणून मी एक दिवस तालमीत गेलो. सांगायला गेलो नव्हतो, हे इथं लिहिलं पाहिजे.

दुपार होती. यंत्रांवर कुणी नव्हतं. वस्ताद दारातल्या खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले.

"कोण पावणं?"

मी नाव सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीमागे नेले. तेव्हाच मला कळलं की त्यांना काही माहीत नाही.

मग सांगावं लागलं. इथं मागांचा आवाज नव्हता. ते मान तिरकी करून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी त्या कोब्याकडे बघितलं.

"म्हंजे माती चांगली हुती," ते म्हणाले.

"हो."

"माझ्या आज्ज्याची माती हुती ती."

त्यांनी एका पोराला हाक मारून चहा सांगितला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला, जणू आत कुठेतरी दिवा लावला होता. "आपल्या त्या पोराला सांगाय पायजे," ते म्हणाले. "लई राग हाय त्येच्या मनात. इचलकरंजीला असतोय म्हनं. आपण दोघं जाऊ. तुम्ही सांगा, मी नुस्ता हुबा ऱ्हातो. त्येला कळलं की यील बघा त्यो. आजवर आला न्हाय, कारण त्येला वाटतंय मी..."

"त्याला सांगितलंय मी."

"कवा?"

खोटं बोलायची ती एकच योग्य वेळ होती. काल, म्हणायचं. परवा, म्हणायचं. इतकी वर्षं जिथं खोट्यानं माणूस मोडत होता तिथं मी खोटं बोललो, आणि इथं, जिथं एका शब्दानं त्याला थोडं सोसवलं असतं, तिथं मी खरं बोललो. प्रामाणिकपणाची नवी चटक लागली होती मला.

"गेल्या वर्षी," मी म्हणालो.

"गेल्या वर्साला?"

"हो."

"समदं सांगितलासा?"

"सगळं."

वस्ताद खाली बसले. खुर्चीचा हात चाचपून बसले. मी त्या थुंकलेल्या पोराच्या बाजूनं काहीतरी बोलायला लागलो, की त्याला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, की थुंकल्यावर कुठल्या तोंडानं यायचं माणसानं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चहा सांगितलेला पोरगा दोन कप घेऊन आला.

"एकच ठेव," वस्ताद त्याला म्हणाले. "पावणं निघाल्यात."